पातेऱ्यातला पाहुणा: हा कोण, आणि ओरडत का नाही?

पोफळीवाला
१९ ऑक्टोबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहायला कारण मिळालं.

आम्ही गोव्यात, फोंडा तालुक्यात केरीला राहतो. घर कुळागरातच. पडवी उतरलं की पोफळी, मधेमधे केळी, जायफळीची चार झाडं, पोफळींवर चढवलेली मिरी आणि कडेने पाट. दोन वर्षांपूर्वी पडवीला सरकत्या काचा बसवल्या. आज सकाळी साडेसहाच्या सुमाराला त्या काचेवर थाडकन आवाज झाला. बाहेर येऊन बघतो तर हा पायरीवर उताणा पडलेला. मला वाटलं गेलाच. उचलला तर छाती तळहातावर धडधडत होती. एक डोळा उघडा, एक मिटलेला.

फोटो हललाय म्हणून वर्णन करतो. मैनेपेक्षा लहान, पण अंगाने गुबगुबीत. पाठ हिरवी, पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरतं तशी. पंखाच्या खांद्यावर निळ्याचा एक तुकडा, इतका चकचकीत की बोट लावलं तर रंग बोटाला लागेल असं वाटावं. पोट दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं. शेपटीखाली एकदम कुंकवासारखं लाल. डोळ्यावरून एक जाड काळी पट्टी मानेमागे गेलेली, नाटकातले दरोडेखोर बांधायचे तशी. शेपूट जवळजवळ नाहीच. शिंप्याला कापड कमी पडलं असावं.

मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात भोकं पाडून ठेवला. तासाभराने आत खुडबुड ऐकू आली, जायफळीखाली नेऊन खोकं उघडलं. हा बाहेर आला, दोन उड्या मारल्या, माझ्याकडे पाठ करून एक पान उलटलं आणि त्याखालचं काहीतरी खाल्लं. मरणाच्या दारातून आलेला प्राणी आधी नाश्ता करतो हे मला फार आवडलं.

आई म्हणते, "हा दरवर्षी येतो. दसरा-दिवाळीला येतो, पातेरा उसकटत फिरतो, उन्हाळ्यात जातो. मुका आहे बिचारा." (पातेरा म्हणजे पाचोळा.) मी इथेच वाढलो आणि मला हे आज कळलं.

प्रश्न दोन. हा कोण? आणि पक्षी मुका असू शकतो का?

शिळोप्या
१९ ऑक्टोबर, रात्री ९:३१

खंड्या. निळा-लाल म्हटलं की खंड्याच. पाटातले मासे काचेत दिसले असतील.

गणितमास्तर
१९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

+१. खंड्या.

दुर्बीण
१९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

दोघांनाही सप्रेम नकार. खंड्या पानं उलटत बसत नाही. त्याची चोच बघा, केवढी लांब आणि जाड असते, आणि पाय इतके आखूड की बिचाऱ्याला जमिनीवर धड चालता येत नाही. पोफळीवाल्यांचा पक्षी जमिनीवर उड्या मारत होता. हिरवी पाठ, बदामी पोट, शेपटीखाली लाल, डोळ्यावर काळी पट्टी आणि बुटकी शेपटी एवढं एकत्र आपल्याकडे एकाच पक्ष्यात आहे: नवरंग. हिंदीतही नवरंगच म्हणतात, इंग्रजीत इंडियन पिट्टा.

लांबी साधारण १९ सेंटीमीटर. नर-मादी दिसायला सारखे. बसलेला असताना एक गोष्ट दिसत नाही, ती उडाल्यावर दिसते: काळ्या पंखात पांढरा ठिपका लख्खकन चमकतो. रानात नवरंग बहुतेक वेळा असाच दिसतो. पायाखालून काहीतरी फुर्रकन गेलं, पांढरं चमकलं, संपलं.

खोक्यात ठेवलंत ते अगदी बरोबर केलंत. अंधार, शांतता आणि हवा, बस्स. लोक चोच उघडून पाणी ओततात आणि शुद्धीवर येणारा पक्षी गुदमरून मरतो. हे सगळ्यांसाठीच लिहितोय. आणि बरा वाटला म्हणून पिंजऱ्यात ठेवायचा मोह झाला तर १९७२चा वन्यजीव कायदा आठवा.

मुका नाही. पण त्याबद्दल बोलायला योग्य माणूस दुसरा आहे. @वाशिष्ठी, जाग्या आहात का?

शिळोप्या
१९ ऑक्टोबर, रात्री १०:११

खंड्या मागे घेतला. मासे राहू द्या.

म्हादई
२० ऑक्टोबर, सकाळी ७:२०

वाळपईहून. नवरंग आमच्याकडेही ह्याच दिवसांत सुरू होतो. बोंडला, मोले, तांबडी सुर्ल्याच्या देवळामागची वाट, जिथे गर्द सावली आणि पातेरा आहे तिथे हिवाळ्यात बघायला मिळतो. पण रानात तो शोधायला अर्धा दिवस जातो. कुळागरात सोपा. मला विचाराल तर त्याचं कारण पाणी. नोव्हेंबर संपला की रानातली जमीन कडक होते, कुळागरात मात्र शिंपण चालू असतं. ओली माती, वर पानांचा थर, खाली गांडुळं आणि किडे. त्याला आणखी काय हवं?

त्याच जागी तुम्हाला कस्तूर पण दिसेल. नारिंगी डोकं, राखी-निळी पाठ, पांढऱ्या गालावर दोन काळ्या रेघा. तोही पानंच उलटतो. घाईत गल्लत होते, पण कस्तुराला शेपटी आहे.

अवांतर: आमचा राज्यपक्षी लालकंठी बुलबुल. काळं डोकं, पांढरट डोळा, गळ्यावर माणकासारखा लाल डाग आणि बाकी सगळा पिवळा. पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच नाही, त्यामुळे मान त्याचाच. तरी नवरंग बघितला की मला दरवेळी वाटतं, निवड करताना हा हिवाळ्यापुरता पाहुणा असल्यानेच मागे पडला असणार.

गणितमास्तर
२० ऑक्टोबर, दुपारी १:१५

नवरंग म्हणजे नऊ रंग. पोफळीवाल्यांच्या वर्णनात मी मोजले: हिरवा, निळा, बदामी, लाल, काळा. पाच. उरलेले चार कुठे?

दुर्बीण
२० ऑक्टोबर, दुपारी २:०२

गळा पांढरा, सहा. डोक्यावर मधोमध काळी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना तपकिरी पट्टे, सात. पाय गुलाबीसर, आठ. चोचीच्या बुडाशी नारिंगी छटा, नऊ.

गणितमास्तर
२० ऑक्टोबर, दुपारी २:०९

पाय आणि चोच धरून नऊ करायचे असतील तर माझी कोंबडीपण नवरंग आहे.

कंदील
२० ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४८

नावाचा विषय निघालाच आहे तर थोडी भर. पिट्टा हा शब्द इंग्रजी वाटतो, पण आहे तेलुगू. तेलुगूत पिट्ट म्हणजे साधं पाखरू, कुठलंही. म्हणजे सगळ्या जगातले पक्षीतज्ज्ञ ह्या अख्ख्या कुळाला तेलुगूत "पाखरू, पाखरू" म्हणत फिरतात. शास्त्रीय नाव पिट्टा ब्रॅकियुरा. त्यातलं ब्रॅकियुरा म्हणजे आखूड शेपटीचा. पोफळीवाल्यांच्या शिंप्याची दखल शास्त्रानेही घेतलेली दिसते.

आणखी गंमत म्हणजे लिनियसने १७६६ मध्ये ह्याला नाव दिलं तेव्हा थेट कावळ्यांच्या वंशात टाकलं होतं, कॉर्व्हस म्हणून. हा खंड्या वाटणाऱ्या शिळोप्याने अजिबात वाईट वाटून घेऊ नये.

शिळोप्या
२० ऑक्टोबर, संध्याकाळी ५:५५

फ्रेम करून लावतो.

वाशिष्ठी
२० ऑक्टोबर, रात्री १०:३०

मुका??

पोफळीवाले, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा आणि विचारा की मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे चिपळुणात येऊन राहतील का. ज्याला त्या मुका म्हणतात तो आमच्या घरामागच्या रानात पहाटे साडेपाचला सुरू होतो. वीऽऽट्-टियू. वीऽऽट्-टियू. दोनच सूर, पहिला वर चढणारा, दुसरा खाली घसरणारा. मळभ असेल तर दिवसभर. ह्या झाडावरून एक, पऱ्ह्यापलीकडून दुसरा, मग तिसरा. माझ्या नवऱ्याला ऑनलाइन मीटिंगमध्ये एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे कोण शिट्या मारतंय?

ओरडतो कसा ते एकदा बघण्यासारखं आहे. एरवी जमिनीवरचा हा प्राणी त्या वेळी फांदीवर चढतो. ताठ उभा राहतो, मान मागे टाकतो, चोच सरळ आभाळाकडे, आणि पांढरा गळा फुगतो. शीळ झाली की पुन्हा नीट, काही झालंच नाही असा. मग ती बुटकी शेपटी सावकाश खालीवर.

आमच्याकडे तो विणीला येतो. मेअखेर, पहिल्या वळिवाच्या आगेमागे. घरटं म्हणजे वाळक्या पानांचा, काटक्यांचा, गवताचा मोठा गोळा, फुटबॉल दबला तर कसा दिसेल तसा, आणि दार बाजूला. जमिनीवर नाहीतर एखाद्या ठेंगण्या दुबेळक्यात. पानांचा ढीगच वाटतो. मी स्वतः एकदा त्याच्यावरून पाय टाकून गेले होते, पलीकडे गेल्यावर मागून काहीतरी उडालं म्हणून वळले. अंडी चार-पाच, पांढरी, चिनी मातीसारखी चकचकीत, त्यांवर जांभळट तांबूस ठिपके. पिल्लं झाली की नर-मादी दोघं चोचीत गांडुळांचा झुपका घेऊन येतात, शेवयांची जुडी धरावी तसा.

तर तुमचा मुका आणि आमचा बोंबल्या एकच. आमच्याकडे संसार करतो, तुमच्याकडे सुट्टीवर असतो. सुट्टीत कोण बोलतं?

पोफळीवाला
२० ऑक्टोबर, रात्री १०:५१

वाशिष्ठीताई, हे वाचून आईला सांगितलं. ती मूळची तुमच्याच बाजूची, माहेर सावर्ड्याजवळचं. म्हणाली, "माहेरी असलं पाखरू मी कधी पाहिलं नाही. हा गोव्यातलाच." आता काय बोलणार. तिला इथे येऊन पंचेचाळीस वर्षं झाली, पण माहेरच्या गोष्टीत तिला कुणी खोडून काढलेलं चालत नाही.

दुर्बीण
२१ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

वाशिष्ठींनी बोंबल्या म्हटल्यावर एक पाल चुकचुकली. गाणारे पक्षी म्हणून शास्त्रात जो मोठा गट आहे, बुलबुल, दयाळ, कस्तूर, अगदी कावळासुद्धा, त्यात नवरंग नाही. तो त्यांचा चुलत घराण्यातला. आवाज काढणारा अवयव ह्यांच्यात साधा असतो, आणि मुख्य फरक असा की गाणारी पिल्लं बापाचं ऐकून गाणं शिकतात, तर नवरंगाच्या घराण्यात शीळ जन्मतःच येते. रियाज नाही, घराणं नाही, गुरू नाही. म्हणूनच ती दोन सुरांची पट्टी कधी बदलत नाही.

आता तुलनेला आपला शीळकरी कस्तूर घ्या. पावसात ओढ्याकाठी बसून शाळकरी मुलाने उगीच शीळ घालत फिरावं तसा तो कुठून कुठे भटकतो, सूर सोडतो, पुन्हा धरतो. तो गवय्या. नवरंग म्हणजे देवळातली घंटा.

कंदील
२१ ऑक्टोबर, सकाळी ९:००

कावळा गाणाऱ्यांत आणि नवरंग बाहेर! शास्त्राला कान नसतात म्हणतात ते हेच. लिनियसने कावळ्यांत टाकलं तेव्हा निदान गाणाऱ्यांत तरी होता बिचारा.

भाटकार
२१ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

चोडणला सलीम अली अभयारण्यात खारफुटीतला नवरंग असतो असं एका गाईडने सांगितलेलं. तोच का हा?

दुर्बीण
२१ ऑक्टोबर, दुपारी १:३०

नाही. खारफुटीतला नवरंग, म्हणजे मँग्रोव्ह पिट्टा, ही वेगळी जात. तिची चोच चांगलीच जाडजूड असते. भारतात ती पूर्व किनाऱ्याकडे, सुंदरबन आणि भितरकनिकाला. मांडवीच्या खारफुटीत नव्हे. गाईडला टीप देऊन झाली असेल तर सोडून द्या.

लांबनळी
२४ ऑक्टोबर, रात्री ११:१६

पोफळीवाले, पत्ता कळवा ना, येतो फोटो काढायला. ६०० मिमी लेन्स आहे. शोधायची काळजी नको, मोबाइलवर त्याची शीळ लावली की दोन मिनिटांत समोर येऊन बसतो. चिपळूणच्या बाजूला जूनमध्ये असेच काढले होते, एक तर घरट्यासकट मिळाला.

वाशिष्ठी
२४ ऑक्टोबर, रात्री ११:२२

लांबनळी, जूनमध्ये तो समोर का येऊन बसतो माहीत आहे? त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसलाय. घरटं सोडून, खाणं सोडून तो तुमच्या मोबाइलशी भांडायला येतो. तुम्ही चाळीस फोटो काढता, जाता. तुमच्या मागोमाग दुसरी गाडी येते. आमच्या मागच्या रानात परवाच्या पावसाळ्यात एका रविवारी मी सात माणसं मोजली, सातही जणांच्या हातात शीळ. तिथलं घरटं आठवड्याने रिकामं होतं. मुंगुसाने नेलं की साळुंख्यांनी की आई-बापच सोडून गेले, मला माहीत नाही. माणसं कुणाचीही नावं घेत नाही, पण घरट्यासकट मिळाला हे वाक्य मी तरी इथे मिरवलं नसतं.

लांबनळी
२४ ऑक्टोबर, रात्री ११:४०

एवढं चिडायला काय झालं. सगळेच करतात. फोटो नसते तर लोकांना नवरंग माहीत तरी झाला असता का?

म्हादई
२५ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

दादा, शेवटच्या प्रश्नात तथ्य आहे, ते नाकारत नाही. मीही फोटो बघूनच ह्या नादाला लागलो. पण आमच्याकडे आता शीळ लावण्यापलीकडे मजल गेलीय. डबीतून अळ्या आणून दगडावर टाकतात, पक्षी रोज तिथे येतो, आणि एकाच शेवाळलेल्या दगडावरचा, एकाच कोनातला नवरंग सगळ्यांच्या भिंतीवर. हिवाळ्यात निदान घरटं नसतं, त्रास कमी. पण शीळ लावायची गरजच नाही हो. सकाळी पाटाकडेला अर्धा तास गप्प बसा. तो आपसूक दहा फुटांवर येतो. ६०० मिमीला तर दहा फूट जवळच पडतात.

पोफळीवाला
२५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

या जरूर. मोबाइल आईकडे जमा करावा लागेल. चहा मिळेल.

सुगरण
२६ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

काचेचं काय केलंत? पुन्हा आपटला तर?

पोफळीवाला
९ नोव्हेंबर, रात्री ८:४४

उशिरा उत्तर देतोय, दिवाळीची गडबड. दुर्बीण ह्यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं की काचेत झाडं दिसतात म्हणून पक्षी आत घुसायला बघतो. आतून पडदा लावून उपयोग नाही, बाहेरून खुणा हव्यात, आणि दोन खुणांमधून शिरता येईल असं त्याला वाटता कामा नये. आकाशकंदिलाच्या शेपट्यांचे कागद उरले होते. पुतण्याने ते चार-चार बोटांच्या अंतराने काचेबाहेर सोडलेत. पडवी आता सत्यनारायणाच्या मखरासारखी दिसते. पण त्यानंतर आपटणं बंद.

मला वाटलं होतं नरकासुराच्या रात्रीच्या ढणढणाटाने हा पळून जाईल. वाड्यावर पहाटे चारपर्यंत स्पीकर दणाणत होते. सकाळी सातला बघतो तर हा जायफळीखाली, नेहमीसारखा. चार उड्या, थांब, मान वाकडी, पान उलट. मी आता त्याचा हिशेब ठेवतोय: दर पाच-सहा पानांमागे एकदा काहीतरी मिळतं. गांडूळ मोठं असेल तर आधी झटकून घेतो.

पुतण्याचा प्रश्न: दरवर्षी हाच येतो की वेगवेगळे?

दुर्बीण
९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

पायात कडं घातल्याशिवाय छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. त्याने डोक्यावरच्या पट्ट्यांचं चित्र काढून ठेवावं, पुढच्या वर्षी जुळवून बघावं. फारसं सिद्ध होणार नाही, पण चित्र काढण्याइतकं निरखून पाहणं होईल.

आणि पोफळीवाले, ओरडण्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे. वाशिष्ठींची सुट्टीची उपमा गोड आहे, पण अर्धीच खरी. हिवाळ्यात तो कमी बोलतो, अजिबात बोलत नाही असं नाही. तामिळनाडूत त्याला आरुमणि कुरुवी म्हणतात, सहा वाजताचं पाखरू. सकाळी सहाला एकदा, संध्याकाळी सहाला एकदा. तिथे तर तो तुमच्यासारखाच हिवाळी पाहुणा. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतापर्यंत आणि आपल्या घाटाच्या काही भागांत वीण, मग दक्षिणेत आणि श्रीलंकेत मुक्काम. तुम्ही सहाला काय करत असता?

पोफळीवाला
९ नोव्हेंबर, रात्री ९:३३

सहाला? पंप.

अरे देवा. पंप.

गणितमास्तर
९ नोव्हेंबर, रात्री ९:३६

??

पोफळीवाला
११ नोव्हेंबर, रात्री ७:५०

सांगतो. आमच्याकडे शिंपण सकाळ-संध्याकाळ. पंप साडेपाचला सुरू, साडेसहा-पावणेसातला बंद. दोन्ही वेळा. पंपाची खोली जायफळीपासून वीस पावलांवर आहे, आणि पंप वडिलांच्या काळातला आहे, त्याच्या आवाजात समोरचा माणूस हाक मारतो तेही कळत नाही. वडील असल्यापासून हेच वेळापत्रक.

काल संध्याकाळी पंप लावलाच नाही. आई ओरडली, केळी सुकतील. मी पायरीवर बसलो. सव्वासहापर्यंत काही नाही, रातकिडे सुरू झाले. मग जायफळीच्या वरून, म्हणजे मी जिथे कधी बघितलंच नव्हतं तिथून, एक शीळ. दोन सूर. पुढे शेजाऱ्यांच्या कुळागरातून तशीच दुसरी. मग ह्याची पुन्हा. मग गप्प. सगळं मिळून अर्धं मिनिटही नसेल.

आज पुन्हा बसलो. सहा वाजून अठरा मिनिटांनी. दोनदा. शेजाऱ्यांकडे एक आहे, ओढ्यापलीकडे आणखी एक असावा. म्हणजे आमच्या घराभोवती तीन नवरंग रोज एकमेकांना हजेरी देतात, आणि आमचं घर चाळीस वर्षं पंप ऐकत बसलं होतं.

आईला ऐकवायला हाक मारली, पण ती दिवा लावत होती. येईपर्यंत संपलं होतं.

वाशिष्ठी
११ नोव्हेंबर, रात्री ८:१५

अंगावर काटा आला. पंपाची वेळ बदला हो!

भाटकार
११ नोव्हेंबर, रात्री ८:४०

पंपाची वेळ बदलायची म्हणजे सोपं नाही ताई. कामाला येणाऱ्या माणसाची वेळ, विजेचा दाब, शेजाऱ्याशी पाटाची पाळी. एका पाखरासाठी पाटाची पाळी बदलली तर उद्या कोर्टात उभं राहावं लागेल.

पोफळीवाला
१२ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

सकाळची तशीच ठेवली. संध्याकाळची साडेसहानंतर केली. भांडण झालं, मिटलं.

सुगरण
१७ जानेवारी, दुपारी ३:१०

धागा वर काढते. आमच्या म्हापशाच्या फ्लॅटच्या मागे चार आंबे आणि एक पडीक विहीर आहे, तिथे आज नवरंग बघितला! हा धागा वाचला नसता तर कोंबडीचं पिल्लू समजून सोडून दिलं असतं. तिथे सोसायटीचा माणूस रोज पातेरा झाडून जाळतो. आज त्याला म्हटलं, विहिरीकडचा कोपरा राहू दे. त्याने मला वेड्यात काढलं, पण कोपरा ठेवला.

म्हादई
१७ जानेवारी, दुपारी ४:४५

छान. जळता पातेरा म्हणजे त्याचं पेटलेलं ताट.

लांबनळी
२ फेब्रुवारी, रात्री १०:०२

केरीला जाऊन आलो. मोबाइल खरंच काढून घेतला. पावणेदोन तास पायरीवर बसलो, पहिला तास डास सोडून काही नाही. मग आला. पाठमोरा, पुढून, गांडुळासकट, सगळे मिळाले. दोन फोटो जोडतोय. दुसऱ्यात चोच मातीने माखलीय, एरवी असा फोटो मी टाकून दिला असता. काकूंनी खतखतं वाढलं. जूनबद्दल वाशिष्ठी जे म्हणाल्या त्यावर वाद घालत नाही.

वाशिष्ठी
२ फेब्रुवारी, रात्री १०:१४

दुसरा फोटो पहिल्यापेक्षा चांगला आहे.

पोफळीवाला
२६ एप्रिल, रात्री ९:००

शेवटचा मंगळवारी दिसला. बुधवारी नाही, आजही नाही. संध्याकाळी सव्वासहाला तीनही बाजू गप्प. गेल्या दोन आठवड्यांत मात्र शीळ वाढली होती, सकाळी पंपाच्या वरताण ऐकू यायची, दोनाऐवजी सात-आठ वेळा. उत्तरेला निघायच्या आधीची लगबग असेल का?

पुतण्याचं चित्र झालंय, डोक्याच्या पट्ट्यांसकट. उजवीकडच्या तपकिरी पट्ट्यात एक काळा ठिपका आहे म्हणतो. मला तो पेन्सिलीचा वाटतो.

वाशिष्ठी
३१ मे, सकाळी ६:१२

आला! काल रात्री वळीव झाला आणि आज ५:३८ला पहिली शीळ. पोफळीवाले, तुमचाच असेल असं म्हणणार नाही, दुर्बीण रागावतील. एक मिनिटाचं रेकॉर्डिंग जोडलंय, घराच्या मागच्या दारातून घेतलेलं. मधे भांडी वाजतात ती माझी. हे लावून कुणी पक्षी बोलावायचा नाही, आईंना ऐकवायचं.

पोफळीवाला
३१ मे, रात्री ८:२७

ऐकवलं.

आई स्वयंपाकघरात फणसाची भाजी चिरत होती. हाताला तेल, फोन धरता येईना, म्हणून मी कानाशी धरला. पहिल्या शिळेलाच थांबली. "हे कुणी पाठवलं? हे आमचं माहेरचं. हे ओरडायला लागलं की वडील म्हणायचे, लाकडं आत घ्या." मग मला म्हणाली पुन्हा लाव. तीनदा लावलं. कधी बघितलंस का ते पाखरू, विचारलं. नाही म्हणाली, रानात असायचं, फक्त आवाज. बघायला जायला वेळ कुणाला होता?

मी म्हटलं, आई, हा तोच. जायफळीखालचा.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तिला खंड्या म्हणालोय. "तो? तो तर मुका."

सव्वासहाची हकीकत पुन्हा सांगितली. म्हणाली, ते दुसरं काहीतरी असेल, तू काय झाडावर चढून बघितलंस का? खरंय, चढलो नव्हतो. संधिप्रकाशात आवाज ऐकला, पक्षी नाही.

तर मंडळी, चोच उघडलेल्या, मान मागे टाकलेल्या, शीळ घालणाऱ्या नवरंगाचा स्पष्ट फोटो कुणाकडे आहे का? घरट्याजवळचा नको. लांबनळी, तुमच्याकडे? कागदावर छापून घेतो, फोनवरच्या चित्रांवर ती विश्वास ठेवत नाही.